स्वस्त आहे खरं, पण कशामुळे?

पत्र कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. वय 27. शिक्षण बेळगावात झालं, मग पुण्यात नोकरी, आणि आता कंपनी बदलून ती टोकियोला गेली आहे. राहायची सोय कंपनीने दोन महिन्यांपुरतीच केली आहे. त्यानंतरसाठी तिच्यासमोर तीन जागा आहेत. पहिली निशी-कासाईत, भारतीयांच्या वस्तीत: फ्लॅटमध्ये आणखी तीन मुलींबरोबर एक पलंग, महिना 45 हजार येन. ही जागा निपाणीकडच्या एका ओळखीच्या दादांनी सुचवली आहे, पण भाडेकरारात तिचं नाव घालणार नाहीत. दुसरी अदाची वॉर्डात, ताकेनोत्सुका स्टेशनजवळ जुन्या लाकडी इमारतीतली स्वतंत्र खोली, 58 हजार. तिसरी ऑफिसजवळ, तोरानोमोनच्या बाजूला, 1 लाख 5 हजार. पगार 2 लाख 80 हजार, हातात साधारण 2 लाख 30 हजार येतात. त्यातून शिक्षणाचं कर्ज आणि गावच्या घराचा हप्ता जातो. अदाचीचं नाव ऐकून ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने तोंड वाकडं केलं. बाबा म्हणतात, स्वस्त वस्ती म्हणजे चोरचिलटांची वस्ती. आई म्हणते, ‘आपल्या माणसांत राहा गे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.’ शेवटी ती लिहिते, ‘मावशी, जन्मभर आपल्याच गावात दुसऱ्या भाषेच्या कागदांपुढे उभे राहिलो. बाबांना जमिनीचा उतारासुद्धा कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. आता इथेही तेच. निदान राहायला तरी आपल्यांत जावं, की स्वस्तात एकटीने राहावं?’

अगं पोरी, आकडे तू नीट लिहिलेस म्हणून उत्तर देणं सोपं झालं. आधी तुझ्याच आकड्यांवरून एक गोष्ट. तू विचारतेस, आपल्यांत राहू की स्वस्तात? पण तिन्हींतली सगळ्यांत स्वस्त जागा आपल्यांतलीच आहे. आई चार पैसे जास्त घालायला तयार आहे आणि तिला पसंत असलेली जागा चार पैसे वाचवणारी आहे. म्हणजे तुमच्या घरातला वाद पैशावरून चाललेला नाही. मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत, एकटी, आणि तीही तिथल्याच माणसाला नकोशा वाटणाऱ्या भागात राहणार, या काळजीवरून चालला आहे. ती काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. टोकियोच्या पूर्वेकडे मी स्वतः संसार केला आहे, मुलं लहान असताना. माझी आईही फोनवर हेच विचारायची.

भाडं कमी असतं त्याला दर वेळी काहीतरी कारण असतं, आणि त्या शहरात ती कारणं मोजकीच आहेत. स्टेशन लांब असतं, इमारत जुनी किंवा लाकडी असते, जमीन सखल असते, वस्तीचं नाव खराब असतं, नाहीतर करार कच्चा असतो. यातलं कुठलं कारण आपल्या वाट्याला येतंय ते आधी हुडकायचं, मग ते आपल्याला झेपतं का ते बघायचं. वस्तीचं खराब नाव मला झेपतं, त्याने माझी झोप मोडत नाही. जुनी इमारत काही अटींवर झेपते. सखल जमीन तयारी ठेवली तर झेपते. कच्चा करार मात्र मला कुठल्याच भाड्यात झेपत नाही.

आता अदाची. तुझ्या सहकाऱ्याने तोंड वाकडं केलं ते अगदीच उगाच नव्हे. टोकियोच्या 23 वॉर्डांत गुन्ह्यांच्या नोंदी जास्त म्हणून अदाचीचं नाव बरीच वर्षं घेतलं जायचं. पण त्या नोंदींत मोठा वाटा सायकलचोरीचा असतो. 2008 पासून वॉर्डाने ‘ब्युटिफुल विंडोज’ नावाची मोहीम चालवली: रस्ते झाडायचे, फुलझाडं लावायची, सायकलला दुहेरी कुलूप लावायला लोकांना सांगायचं, रात्री गस्त घालायची. नोंदी पुष्कळ खाली आल्या. नाव मात्र मागे राहिलं, कारण लोकांच्या मनातला नकाशा इतक्या लवकर बदलत नाही. शिवाय तिथला प्रत्येक वॉर्ड म्हणजे स्वतःचा निवडून आलेला महापौर आणि स्वतःची सभा असलेलं शहरच आहे. अदाचीत किता-सेंजूसारखं पाच मार्गांचं गजबजलेलं स्टेशन आहे, निशीअराई दाइशीसारखं मोठं जुनं देऊळ आहे, आणि शांत, म्हाताऱ्या माणसांच्या गल्ल्याही आहेत. एवढ्या मोठ्या भागाला एका शब्दात ‘वाईट’ म्हणणाऱ्याने ती गल्ली पाहिलेली नसते.

म्हणून वॉर्डाचं नाव बाजूला ठेव आणि ती गल्ली बघ. एकदा कामाच्या दिवशी रात्री दहानंतर स्टेशनपासून त्या इमारतीपर्यंत चालत जा. एकदा पावसात जा. वाटेत उजेड किती, उघडी दुकानं किती, पोलिसांची चौकी कुठे, ते पाहा. कचरा ठेवायची जागा मी तर आधी बघते. कावळ्यांपासून राखायला जाळी टाकलेली असेल, पिशव्या ठरल्या दिवशीच्याच असतील, तर त्या इमारतीत माणसं एकमेकांचं भान ठेवून राहतात हे कळतं. दुसरीकडे पिशव्या उघड्या पडल्या असतील, चिठ्ठ्या चिकटवून तशाच ठेवल्या असतील, तर तिथे कुणाचंच लक्ष नाही. ताकेनोत्सुका स्टेशनच्या एका बाजूला पब आणि बारची वस्ती आहे, तुझी वाट तिथून जाते का तेवढं तपास. बाईमाणसाने तळमजला घेऊ नये, हे मी कुठल्याही वॉर्डासाठी सांगेन.

अंतराची अडचण तुला तशी कमी आहे. ताकेनोत्सुकाहून निघणाऱ्या पुष्कळशा गाड्या पुढे हिबिया या मेट्रो मार्गावर जातात, म्हणजे न बदलता तोरानोमोन हिल्स स्टेशनपर्यंत. पाऊण तासाच्या आसपास लागेल. पासाचे पैसे बहुतेक जपानी कंपन्या देतात, तुझ्या नेमणुकीच्या पत्रात बघ.

खरी विचारण्याची गोष्ट इमारतीची आहे. जपानात जून 1981 मध्ये भूकंपाचे बांधकाम नियम कडक झाले. त्यानंतर मंजुरी मिळालेली इमारत आणि त्याआधीची इमारत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाकडी घर 2000 नंतरचं असेल तर आणखी बरं, कारण त्या वर्षी लाकडी बांधकामाचे नियम पुन्हा सुधारले. एजंटला पहिला प्रश्न हाच विचार: बांधकाम कुठल्या सालचं? तो कागदावर दाखवतो, लपवता येत नाही. 58 हजारांची खोली 1981 च्या आधीची निघाली तर तू ती घेऊ नकोस. तिथे माझं उत्तर संपलं.

साल ठीक निघालं तर पुढचा प्रश्न आवाजाचा. लाकडी इमारतीत शेजाऱ्याचा अलार्मसुद्धा ऐकू येतो, आणि आपलं बोलणं त्याला. आपल्याकडची वेळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास मागे. घरची मंडळी जेवणं आटोपून रात्री नऊला निवांत फोन करतात तेव्हा तुझ्याकडे साडेबारा वाजलेले असतात. आपण बेळगावकडचे फोनवर जरा मोठ्यानेच बोलतो, आणि पलीकडून आजी असेल तर आणखी मोठ्याने. परदेशी भाडेकरूबद्दलच्या तक्रारी पुष्कळदा अशाच साध्या गोष्टींतून सुरू होतात: रात्रीचे फोन, कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा वास, चुकीच्या दिवशीचा कचरा. घरी सांगून ठेव की रोजचा फोन दिवेलागणीला, सहा वाजता. तेव्हा तुझ्याकडे साडेनऊ असतात, तू जेवून बसलेली असतेस, आणि शेजारीही जागा असतो. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात बाजूच्या आणि खालच्या घराला छोटासा खाऊचा डबा देऊन नाव सांगून ये. कुंदा नेलास तर फारच उत्तम. हल्ली शहरात सगळेच हे करत नाहीत, पण परदेशी मुलीने केलं तर माणसं लक्षात ठेवतात.

आता निशी-कासाई. ही वस्ती भारतीयांची कशी झाली हे माहीत असलं तर तिच्याकडे नीट पाहता येतं. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी तिथे गेले ते 1970 च्या दशकाच्या शेवटी, तेव्हा तोझाई या मेट्रो मार्गावरचं निशी-कासाई स्टेशनही नुकतंच होत होतं, ते 1979 मध्ये सुरू झालं. खरी गर्दी झाली 2000 च्या सुमाराला, संगणकांना 2000 साल नीट ओळखता येईना (‘वायटूके’), तो गोंधळ निस्तरायला इंजिनिअर लागले तेव्हा. बँका आणि मोठ्या कंपन्या ओतेमाचीच्या बाजूला, तिथे तोझाईची गाडी थेट जाते. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथे ‘यूआर’ या सरकारी संस्थेच्या मोठमोठ्या इमारती होत्या. यूआरला जामीनदार लागत नाही, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी भेट लागत नाही, आणि राहायचा रीतसर परवाना आणि पुरेसा पगार असला तर माणूस कुठल्या देशाचा ते आड येत नाही. खासगी घरमालक नको म्हणत होते, तेव्हा ही दारं उघडी होती. म्हणजे आपली माणसं तिथे जमली त्यामागे आपलेपणापेक्षा परवडणारं आणि नाही न म्हणणारं घर हे मोठं कारण होतं. आपलेपणा नंतर वाढला, शाळा आली, किराणा आला, गणपतीही आले.

तिथे राहण्याचे फायदे मी कमी लेखत नाही. तूरडाळ, कढीपत्ता, आजारी पडल्यावर खिचडी करून देणारं कुणीतरी, दवाखान्यात बरोबर येणारं कुणीतरी. पहिल्या हिवाळ्यात याची किंमत पैशात होत नाही. पण चार मुलींच्या फ्लॅटमध्ये सकाळ-संध्याकाळ मराठी, ऑफिसात इंग्रजी, सुट्टीच्या दिवशी पुन्हा आपलीच मंडळी, असं चाललं तर तीन वर्षांनी तुला जपानी येत नसेल. मी तिथे अशा बायका पाहिल्या आहेत, हुशार, डिग्रीवाल्या, आणि मुलाच्या शाळेची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या. तू बाबांच्या उताऱ्याबद्दल लिहिलंस म्हणून मला त्या आठवल्या.

त्या ओळीवर थोडं थांबते, कारण पत्रात तुला सगळ्यात जास्त लागलेलं तेच आहे. आपल्याकडचं दुखणं मला माहीत आहे. आपल्या जमिनीवर, आपल्या आजोबांच्या शेतात उभं राहून स्वतःच्याच कागदासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. ते हक्काचं भांडण आहे आणि ते भांडणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण टोकियोत तू हक्काच्या गावात उपरी झालेली नाहीस, तू आपल्या पायांनी, आपल्या कर्तबगारीवर दुसऱ्याच्या गावी गेली आहेस. तिथल्या वॉर्ड ऑफिसातला जपानी कागद तुझी भाषा पुसायला निघालेला नाही. तो कागद वाचायला शिकणं म्हणजे हार नव्हे. खानापूर-बेळगावच्या माणसाला या कामाचा सराव इतरांपेक्षा जास्त असतो, हे तू विसरतेस. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये दोन्ही, शाळेत इंग्रजी, असं आपण लहानपणापासून जगलो. पुण्या-मुंबईच्या मुलीला पहिल्यांदाच कळतं की आपली भाषा समोरच्याला येत नाही. तुला ते सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

आणि ‘आपली माणसं’ म्हणजे फक्त आपल्या भाषेची, हेही जरा तपासून पाहा. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तोच वॉर्ड ज्यात निशी-कासाई येतं. जपानात परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकीतही मत नसतं. म्हणजे त्यांना निवडून दिलं ते तिथल्या जपानी मतदारांनी. मराठी घरातला माणूस तिथल्या शेजाऱ्यांचा इतका आपला होऊ शकतो, आणि तो झाला तिथली भाषा बोलून, तिथलं नागरिकत्व घेऊन. तू तेवढं करावंस असं मी म्हणत नाही. पण शेजारची जपानी आजी हीसुद्धा चार वर्षांत तुझं माणूस होऊ शकते, एवढी जागा मनात ठेव.

सखल जमिनीचं सांगायचं राहिलं, आणि हे निशी-कासाईला जास्त लागू आहे. एदोगावा वॉर्डाची बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, दोन्हीकडून नद्या, समोर समुद्र. 2019 मध्ये वॉर्डाने घरोघरी वाटलेल्या पुराच्या नकाशावर सरळ छापलं होतं की इथे थांबू नका, आधीच दुसरीकडे जा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हगिबिस वादळ आलं तेव्हा वॉर्डातल्या लाखो लोकांना घर सोडायची सूचना मिळाली. तेच साल, ऑगस्ट, आपल्याकडे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या पाण्याने चिकोडी-निपाणीकडची गावंच्या गावं हलवावी लागली होती, ते तुला आठवत असेल. तिथे सूचना वेळेवर येते, पण ती जपानीत पहिल्यांदा येते. वॉर्डाच्या साइटवर इंग्रजी नकाशा मिळतो. अदाचीचाही बराच भाग अराकावा नदीच्या पुराच्या नकाशात येतो, तेव्हा दोन्ही ठिकाणी आपली इमारत नकाशावर शोध, पाणी किती मीटर चढू शकतं ते बघ, आणि तिसऱ्या मजल्यावर किंवा वर मिळत असेल तर तिथेच घे.

ऑफिसजवळच्या जागेवर मी फार वेळ घालवत नाही. 1 लाख 5 हजार म्हणजे हातातल्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग. अदाचीच्या खोलीच्या मानाने वर्षाला साडेपाच लाख येनहून जास्त, रुपयांत तीन लाखांच्या पुढे. घरचा हप्ता त्यातूनच फिटणार आहे. शिवाय तिथला रहिवासी कर पहिल्या वर्षी लागत नाही, मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून पुढच्या वर्षी जूनपासून पगारातून महिन्याला दहा हजारांच्या आसपास आणखी कापले जातील. पुष्कळ जण हे विसरून पहिल्या वर्षीच्या पगारावर घर घेतात आणि दुसऱ्या वर्षी अडचणीत येतात.

मग मी काय करीन? सगळ्यात आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जाऊन विचारीन की करार कंपनीच्या नावावर करता येईल का. तिथे ही पद्धत रूढ आहे, आणि परदेशी माणसासाठी तर तीच सर्वांत सोपी वाट. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 39 टक्क्यांनी सांगितलं होतं की परदेशी असल्यामुळे त्यांना नकार मिळाला. तुला नकार आला तर तो तुझ्या चेहऱ्याला, वागण्याला नाही हे लक्षात ठेव आणि पुढचं दार वाजव. आम्हालाही एका एजंटने समोर बसवून फोनवर विचारलं होतं, ‘परदेशी आहेत, चालतील का?’ आणि उत्तर ऐकून कागद मिटला होता. त्या दिवशी फार लागलं. पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे घर मिळालं, आणि तिथली घरमालकीण आम्ही निघताना रडली.

कंपनी नाही म्हणाली तर यूआरच्या कार्यालयात जा. त्यांच्या इमारती अदाचीत, कात्सुशिकात, एदोगावात, कोतोत सगळीकडे आहेत. दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत लागते, पण भेटरक्कम नाही, एजंटची दलाली नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे नाहीत. इमारती जुन्या असतात, लिफ्ट नसते काही ठिकाणी, पण भिंती काँक्रीटच्या. मजला वरचा असेल तर भाडंही कमी. तू पायऱ्या चढू शकतेस, 27 वर्षांची आहेस.

खासगी घर घेणार असलीस तर सुरुवातीच्या खर्चाचा हिशोब आधी कर. अनामत, भेटरक्कम, दलाली, जामीन कंपनीची फी, पहिलं भाडं, आगीचा विमा, कुलूप बदलण्याचे पैसे, असं धरून 58 हजारांच्या खोलीला अडीच-तीन लाख येन एकरकमी जाऊ शकतात. म्हणजे तुझ्या एका महिन्याच्या हातातल्या पगाराहून जास्त. आणि खोली मिळते ती रिकामी: दिवा नाही, पडदा नाही, फ्रिज नाही, शेगडी नाही. गॅस चालू करायला माणूस येतो तेव्हा घरी थांबावं लागतं. एवढे पैसे आत्ता नसतील तर सहा महिने एखाद्या नोंदणीकृत शेअर हाउसमध्ये राहा, तिथे करार तुझ्या नावाचा होतो, सामान असतं, भेटरक्कम नसते. तेवढ्यात पैसेही साठतील आणि शहरही कळेल.

माझं मत विचारशील तर अदाचीची खोली, साल आणि मजला ठीक निघाला तर, तुझ्यासाठी वाईट नाही. ती नाही जमली तर तशीच दुसरी पूर्वेकडच्या कुठल्याही वॉर्डात. स्वतःच्या नावाचं छोटं घर, आणि रविवारी निशी-कासाईला जाऊन डाळ-मसाले आणि चार मराठी माणसं. उलट केलंस, म्हणजे राहणं तिकडे आणि शहर रविवारी बघायला जाणं, तर शहर पाहुणचारापुरतंच भेटतं. पण तुझ्या स्वभावाचं मला माहीत नाही. एकटीने राहून तुझं जेवण सुटतं, झोप सुटते असं पुण्यात कधी झालं असेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि माणसांत राहा. तेव्हा फक्त करारात नाव असलेली जागा बघ.

घर घेतल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्त्याची नोंद करावी लागते, रहिवासी कार्डावर तो लिहून घ्यावा लागतो, आणि ते कार्ड कायम जवळ ठेवावं लागतं. त्याच ऑफिसात जपानी शिकवणाऱ्या स्वयंसेवकांच्या वर्गांची यादी मागून घे. बहुतेक वॉर्डांत ते अगदी थोड्या पैशांत चालतात, आणि शिकवणाऱ्या असतात निवृत्त शिक्षिका, शेजारच्याच. शेजारची पहिली ओळख तिथेच होते. ताबा घेतल्या दिवशीच भिंती, फरशी, नळ यांचे फोटो तारखेसकट काढून ठेव, सोडताना अनामतीतून पैसे कापतात तेव्हा तेच कामी येतात. पोलिसांचा नंबर 110, आग आणि रुग्णवाहिकेचा 119. हे आईलाही लिहून पाठव. तिला त्याचा उपयोग नाही, पण तिच्याकडे कागद असला की तिला बरं वाटेल. आणि घर ठरवण्याआधी एकदा व्हिडिओवर तिला ती गल्ली दाखव, शाळेत एकट्या जाणारी लहान पोरं दिसतील त्या वेळी. माझ्या शंभर शब्दांपेक्षा ते काम करील.

हेच पत्र मला बेंगळुरूला गेलेल्या मुलांकडून, दुबईला गेलेल्या जावयांकडूनही येतं, फक्त वॉर्डाचं नाव बदलतं. त्यांनाही मी हेच विचारते: तुमची जागा कशामुळे स्वस्त आहे ते तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर अजून सही करू नका.

राहता राहिले निपाणीचे दादा. तू लिहिलं आहेस की नाही म्हटलं तर ते दुखावतील, गावाकडे बोललं जाईल. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी धरत नाही. आपल्या भागातली मुलगी आली आहे, तिला छप्पर द्यावं, असंच त्यांना वाटलं असणार. पण तिथल्या भाडेकरारांत घरमालकाला न विचारता आणखी माणसं ठेवायला बहुतेक वेळा बंदी असते. उद्या घरमालकाला कळलं तर चौघींनाही निघावं लागेल, आणि तुझ्या हातात कसलाही कागद नसेल. तेव्हा त्यांना फोन कर, आधी आभार मान, आणि एवढंच विचार: ‘दादा, मालकाला सांगून करारात माझं नाव घालता येईल का? कंपनी पत्त्याचा कागद मागते, आणि वॉर्ड ऑफिसातही पत्त्याची नोंद करायची आहे.’ ते हो म्हणाले आणि खरंच नाव घातलं, तर मी वर मांडलेला सगळा हिशोब पुन्हा कर, कारण मग त्या 45 हजारांच्या जागेचं मुख्य उणेपण जातं. नाही म्हणाले तर ‘मग कंपनीला चालणार नाही’ असं सांग. कंपनीचं नाव पुढे केलं की गावाकडे कुणी रागावत नाही. आणि त्यांच्या घरी गणपतीला नक्की जा.